केनवुड: वरून खाली उतरत पाहायची बाग

उत्तर लंडनमधलं केनवुड पाहायला निघालेले बरेच जण हॅम्पस्टेड हीथ स्टेशनवर उतरतात, पार्लमेंट हिलचा चढ चढतात आणि अर्ध्या-पाऊण तासाने एका रुंद हिरवळीच्या पायथ्याशी येऊन पोचतात. वर पांढरं लांबट घर दिसतं, समोर तळी असतात, फोटो काढले जातात. मग चढ चढून घरात एक चक्कर, चहा आणि परत. यात काही बिघडलं असं वाटत नाही, पण खरं तर बागेचा निम्मा आनंद हुकलेला असतो. हे सगळं वरून खाली, एका ठरावीक क्रमाने उलगडावं म्हणून आखलेलं आहे. खालून येणाऱ्याला गोष्टीचा शेवट आधी कळतो.

म्हणून आधी येण्याची वाट. २१० नंबरची बस धरा. नॉर्दर्न लाइनच्या गोल्डर्स ग्रीन आणि आर्चवे या दोन्ही स्टेशनांवरून ती मिळते आणि हॅम्पस्टेड लेनवर थेट केनवुडच्या फाटकाशी उतरवते. हा रस्ता टेकडीच्या माथ्यावरून जातो, म्हणजे इथून पुढे सगळा उतारच. परतीलाही पुन्हा वर यायची गरज नाही. ते शेवटी सांगतो.

जागेचा हिशेब एकदा डोक्यात बसवून घ्या. केनवुडची इस्टेट ११२ एकरांची, ती इंग्लिश हेरिटेज या संस्थेकडे आहे. तिच्या भोवतीचं हॅम्पस्टेड हीथ हे माळ, रान आणि तळी धरून साधारण ३२० हेक्टरांचं मोकळं रान, त्यातला बाकीचा मोठा भाग सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशन सांभाळते. चालताना एकातून दुसऱ्यात कधी गेलो ते पाट्यांचा रंग बदलला तरच कळतं. बागेला तिकीट नाही आणि घरालाही नाही. रेम्ब्रांट आणि व्हर्मीर फुकट पाहायला मिळतात अशी घरं जगात फार नाहीत. घर साधारण सकाळी १० ते संध्याकाळी ४ किंवा ५ पर्यंत उघडं असतं, वेळ हंगामाप्रमाणे बदलते. निघण्याआधी तेवढं पाहून घ्या. बागेची फाटकं अंधार पडायच्या सुमारास बंद होतात, हिवाळ्यात हे फार लवकर येतं.

आता फाटकातून आत. रस्ता सरळ घराकडे जात नाही, झाडीतून वळण घेतो. हे वळण हम्फ्री रेप्टन या बागा आखणाऱ्याचं. १७९३ मध्ये घराचा तेव्हाचा मालक, दुसरा अर्ल ऑफ मॅन्सफिल्ड (अर्ल हा ब्रिटिश उमरावाचा किताब), याने त्याला बोलावलं तेव्हा हॅम्पस्टेड लेन घराच्या अगदी उत्तर दारासमोरून जात होती. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची धूळ आणि खडखडाट थेट दिवाणखान्यात. त्यावर उपाय म्हणून भिंत वगैरे न घालता सार्वजनिक रस्ताच उचलून उत्तरेला सरकवला गेला. मोकळ्या झालेल्या पट्ट्यात झाडं लावली आणि त्यातून दोन वळणदार वाटा काढल्या. रेप्टनची पद्धत अशी, की तो मालकाला लाल चामड्यात बांधलेली एक वही द्यायचा. तिच्यात त्या जागेची जलरंगातली चित्रं असायची आणि चित्रावर एक कागदी झडप. झडप खाली असताना आजची बाग, झडप उचलली की उद्याची. केनवुडसाठीही अशी वही झाली. बसमधून उतरल्यावर शंभरेक पावलं चालूनही घर का दिसत नाही, याचं उत्तर त्या झडपेत आहे. रेप्टनला घर हळूहळू नको होतं, एकदम हवं होतं.

झाडी संपते आणि वास्तुविशारद रॉबर्ट अ‍ॅडमचा खांबांचा उत्तर दर्शनी भाग समोर येतो. इथे बहुतेक लोक दारातून आत शिरतात. शिरू नका. घराकडे तोंड करून उभे असाल तर उजवीकडे, म्हणजे पश्चिमेला वळा. या बाजूला फुलबागेचा भाग आहे, मे महिन्यात ऱ्होडोडेंड्रॉन हे झुडूप फुलतं तेव्हा इथे पाय ठेवायला जागा नसते. एरवी हा कोपरा थोडा अंधारा आणि बंदिस्त वाटतो, आणि तसाच वाटायला हवा. कारण पुढे वेलींनी झाकलेली कमान आहे, आयव्हीची. तिच्याखालून चार-पाच पावलं सावलीत चालायचं आणि बाहेर यायचं. समोरची जमीन एकदम खाली जाते, हिरवळ उतरत उतरत पाण्यापर्यंत, पाण्यापलीकडे गर्द रान, वर मोठं आकाश. अंधारातून उजेडात आणि अरुंदातून रुंदात नेण्याची ही युक्ती दोनशेहून जास्त वर्षं झाली तरी काम करते. कमान नुसती वेलींची. पण तिच्याशिवाय हा देखावा निव्वळ छान ठरला असता, तिच्यामुळे तो श्वास रोखायला लावतो. खालून चढून येणाऱ्याच्या वाट्याला नेमकं हेच येत नाही.

गच्चीसारख्या या सपाट पट्ट्यावर आता घराच्या दक्षिण बाजूने पूर्वेकडे चाला. पायाखालची वाट समतल आहे. बाबागाडी किंवा चाकाची खुर्ची असेल तर इथवरचा भाग निर्धास्त. पुढचा हिरवळीचा उतार चांगलाच तीव्र आहे, त्यावरून चाकं खाली नेणं सोपं आणि वर आणणं जड. जवळच लाइमच्या झाडांची रांग आहे. इथलं लाइम म्हणजे लिंबू नव्हे, हृदयाच्या आकाराच्या पानांचं लिंडन. जुलैच्या सुरुवातीला त्याला फुलोरा येतो तेव्हा वास आधी येतो आणि मधमाश्यांचा आवाज नंतर.

पट्ट्याच्या मध्यावर उभं राहून पाण्याकडे नीट बघा, कारण इथे मोठी हातचलाखी आहे. दोन तळी दिसतात. उजवीकडचं वुड पाँड, डावीकडचं थाउजंड पाउंड पाँड. बघताना मात्र ती तळी वाटत नाहीत, रानाला वळसा घालून जाणारी एखादी शांत नदी वाटते. डाव्या टोकाला एक पांढरा, कठड्याचा, कमानींचा पूल आहे आणि नदी त्याखालून पुढे जात असणार असं डोळा आपोआप धरून चालतो.

आता खाली उतरून त्या पुलाजवळ जा. बाजूने पाहिलं की पूल नाहीसा होतो. ती फक्त एक लाकडी फळी आहे, पुढून पुलासारखी कापलेली, पांढरा रंग दिलेली, मागे टेकू दिलेले. वरून कुणी चालू शकत नाही, चालायला रुंदीच नाही. नाटकातल्या पडद्यासारखं ते आहे, आणि ते उगाच हौस म्हणून नाही. टेकडीच्या उतारावर पाणी अडवायचं तर बांध घालावा लागतो. बांध घातला की पाण्याचं एक टोक सरळ, बोथट दिसतं आणि तळ्याचं गुपित फुटतं. त्या टोकाशी पूल उभा केला की बोथटपणा झाकला जातो आणि पाणी पुढे वाहतंय असा भास होतो. अठराव्या शतकातल्या इंग्लिश बागांमध्ये नदी हवी पण नदी नाही, या अडचणीवर हा नेहमीचा तोडगा. केनवुडमधला नमुना तो शिकवण्यासाठी सर्वांत चांगला, कारण इथे पुढची बाजू आणि मागची बाजू दोन्ही पाच मिनिटांत पाहता येतात. लाकूड पाण्याशेजारी असल्याने सडतं, त्यामुळे हा पूल वेळोवेळी नव्याने बांधावा लागला आहे. आजच्या फळ्या जुन्या नाहीत, जुना आहे तो आकार.

आता चिखलाचं. केनवुडबद्दलच्या बहुतेक तक्रारी शेवटी बुटांवर येऊन थांबतात आणि तक्रार खरी आहे. चार दिवस पाऊस नसला तरी उताराच्या मध्यावर वाट ओली असते, तर माथ्यावर आणि कधीकधी अगदी खालीही कोरडं असतं. कारण जमिनीच्या थरांत आहे. टेकडीच्या डोक्यावर बॅगशॉट वाळूचा थर आहे, त्याखाली वाळू आणि चिकणमाती मिसळलेला क्लेगेट थर, आणि सगळ्यांत खाली घट्ट, पाणी न पिणारी लंडन क्ले. पाऊस वाळूतून सहज मुरतो, चिकणमातीला लागला की त्याला खाली जाता येत नाही, मग तो आडवा सरकतो आणि हे थर उतारावर जिथे उघडे पडतात तिथे पाझरून बाहेर येतो. म्हणजे तुम्ही तुडवता तो आजचा पाऊस नसतो, मागच्या आठवड्यांचा असतो. ऑक्टोबर ते मार्च घोट्याच्या वरचे, पाणी न शिरणारे बूट घाला. पांढरे कॅनव्हासचे बूट घालून पश्चिम कुरणाकडे जाऊ नका. बागेची बांधीव वाट सोडून गवतातून आडवं जाण्याचा मोहही आवरा, कारण ओल्या पट्ट्यात प्रत्येक जण चिखल टाळायला थोडा बाजूने जातो आणि दर हिवाळ्यात वाट हातभर रुंद होते.

हाच पाझर केनवुडचं धनही आहे. पश्चिम कुरणाच्या एका भागात स्फॅग्नम नावाचं शेवाळ वाढणारी छोटी दलदल टिकून आहे, लंडनमध्ये ही फारच दुर्मीळ गोष्ट. हाताने दाबलं तर स्पंजासारखं पाणी सोडतं, पण हात लावू नका आणि पाय तर मुळीच ठेवू नका. शेवाळाचा हा थर वाढायला वर्षानुवर्षं लागतात आणि बुटाच्या एका ठशात तो बसतो. तळीही याच पाझरावर जगतात. वुड पाँडमधून पाणी थाउजंड पाउंड पाँडमध्ये, तिथून खालच्या स्टॉक पाँडमध्ये आणि पुढे हायगेट बाजूच्या तळ्यांच्या माळेत उतरतं. फ्लीट नदीचा एक उगम तो हाच.

एकाखाली एक तळी असली की एक धोकाही येतो. वरचा बांध फुटला तर त्याचं पाणी खालच्या बांधावर आदळतं. १४ ऑगस्ट १९७५ ला हॅम्पस्टेडवर अडीच तासांच्या आसपास सुमारे १७० मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा हा विचार कागदावरचा राहिला नाही. पुढे २०१५-१६ मध्ये हीथवरच्या तळ्यांचे बांध मजबूत करण्याचं मोठं काम झालं. त्याला स्थानिकांचा कडक विरोध होता, निसर्गाची वाट लागेल ही भीती होती. आज त्या बांधांवर गवत चढलं आहे आणि माहीत नसेल तर काम झालंय हे ओळखूही येत नाही. माझ्या मते ते काम करणं बरोबर होतं. खाली केंटिश टाउनपासून पुढे दाट वस्ती आहे.

आता घर. इतका वेळ ते बाजूला ठेवलं कारण आधी बाहेरचं पाहिलं की आतलं जास्त कळतं. स्कॉटिश वकील विल्यम मरे यांनी १७५४ मध्ये अर्ल ऑफ ब्यूटकडून ही इस्टेट घेतली. दोन वर्षांनी ते इंग्लंडचे सरन्यायाधीश झाले, पुढे पहिले अर्ल ऑफ मॅन्सफिल्ड. त्यांनी १७६४ पासून रॉबर्ट अ‍ॅडमकडून जुन्या विटांच्या घराचं रूप पालटून घेतलं. दक्षिण बाजूचा पांढरा, नक्षीदार गिलावा दिसतो ना, त्याची एक गंमतीदार कथा आहे. अ‍ॅडम बंधूंनी लिआर्डे नावाच्या माणसाच्या तेलमिश्रित गिलाव्याच्या पेटंटचे हक्क घेतले होते आणि तोच इथे वापरला. त्या पेटंटवरून दावा झाला, १७७८ चा लिआर्डे विरुद्ध जॉन्सन खटला, आणि तो चालला खुद्द लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्यापुढे. संशोधकाने आपली कृती दुसऱ्याला करता येईल इतकी स्पष्ट लिहून द्यायला हवी, हे पेटंटच्या कायद्यातलं तत्त्व सांगताना आजही या खटल्याचं नाव निघतं. दावा पेटंटवाल्यांनी जिंकला. गिलावा मात्र इंग्लिश हवेपुढे हरला. काही दशकांतच नक्षी सुटू लागली आणि १७९० च्या दशकात ती काढून टाकावी लागली. आज दिसते ती नक्षी विसाव्या शतकात जुन्या रेखाटनांवरून परत बसवलेली आहे. म्हणून जवळ जाऊन तिच्या कडा पाहिल्या तर त्या दोनशे वर्षं पावसात भिजलेल्या वाटत नाहीत.

आत एकच खोली निवडायची तर ग्रंथालय. गोल टोकांची, उंच कमानी छताची ही खोली अ‍ॅडमच्या सर्वोत्तम कामांत धरली जाते. छतातली चित्रं अँटोनियो झुक्कीची. २०१३ मध्ये संपलेल्या दुरुस्तीत रंगाचे थर खरवडून तपासले गेले आणि वर साचलेला नंतरच्या काळातला सोनेरी थाट काढून मूळचे निळे, गुलाबी आणि पांढरे रंग परत आणले. बरेच लोक आत शिरून छताकडे मान वर करतात. आधी खिडक्यांसमोरच्या भिंतीवरचे आरसे पाहा. दक्षिणेच्या उंच खिडक्यांतून येणारी हिरवळ, तळी आणि आकाश त्या आरशांत पडतं, म्हणजे खोलीच्या दोन्ही बाजूंना बाग असते. ढग सरकले की भिंतीवर सरकतात. ऊन असेल तर साधारण सकाळी अकरा ते दुपारी दोन ही या खोलीची वेळ.

या खोलीतली पुस्तकं मात्र मॅन्सफिल्ड यांच्या संग्रहाचा मोठा भाग नव्हे. तो त्यांच्या ब्लूम्सबरी चौकातल्या शहरातल्या घरी होता आणि जून १७८० च्या कॅथलिकविरोधी गॉर्डन दंगलीत जमावाने ते घर पुस्तकांसकट जाळलं. जमाव मग केनवुडकडे निघाला. जवळच्याच स्पॅनिअर्ड्स इन या खानावळीच्या मालकाने त्यांना दारू पाजून सैन्य येईपर्यंत रोखून धरलं असं सांगितलं जातं. खानावळ हॅम्पस्टेड लेनने पश्चिमेला थोडं चाललं की आजही आहे, रस्त्याचा गळा आवळून उभी. तिच्यासमोर गाड्यांना एकेक करून जावं लागतं.

मॅन्सफिल्ड यांचं नाव १७७२ च्या सॉमरसेट खटल्याशी जोडलेलं आहे. गुलाम म्हणून आणलेल्या माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध इंग्लंडबाहेर नेता येणार नाही, असा तो निकाल. आणि हा निकाल देणाऱ्या माणसाच्या घरात तेव्हा डायडो एलिझाबेथ बेल राहत होती. तिचा जन्म १७६१ चा. आई मारिया बेल गुलामगिरीतली आफ्रिकन स्त्री, वडील मॅन्सफिल्ड यांचे भाचे, नौदल अधिकारी जॉन लिंडसे. डायडो इथे नात्यातल्या एलिझाबेथ मरेबरोबर वाढली. १७८३ च्या मृत्युपत्रात मॅन्सफिल्ड यांनी ती स्वतंत्र आहे हे मुद्दाम लिहून ठेवलं. कायद्यावर तिची भिस्त राहू नये इतकी त्यांना काळजी होती, यावरूनच त्या काळाचा अंदाज येतो. दोघींचं प्रसिद्ध चित्र मूळ स्कॉटलंडमधल्या स्कोन पॅलेसमध्ये आहे. केनवुडमध्ये डायडोची खूण शोधायची ती बाहेर: इस्टेटीवरचं दूधदुभतं आणि कोंबड्या यांच्यावर देखरेख ठेवणं हे तिचं काम होतं.

आज उंचवट्यावर दिसणारं दूधघर मात्र तिच्या वेळचं नाही. ते १७९० च्या दशकाच्या मध्यात वास्तुविशारद जॉर्ज सॉन्डर्सने दुसऱ्या अर्लसाठी बांधलं, घराचे उत्तरेकडचे दोन विटांचे पंखही त्याचेच. घराच्या पश्चिमेला, रुंद वळचणीच्या तीन बसक्या इमारती. शोभेसाठी आहेत असं वाटतं आणि काही अंशी होत्याच, लेडी मॅन्सफिल्ड पाहुण्यांना तिथे चहाला नेत. पण रचना कामाची आहे. वळचण रुंद, म्हणजे भिंतीवर थेट ऊन नाही. जागा उंचवट्यावर, म्हणजे वारा खेळता. साय धरायला दूध उथळ भांड्यांत तासन्‌तास स्थिर आणि गार ठेवावं लागतं. खोली तापली तर साय वर यायच्या आधी दूध आंबतं. ही अडचण त्या वेळी विजेशिवाय कशी सोडवली ते इथे पाहायला मिळतं. दूधघर रोज उघडं नसतं, स्वयंसेवक असतील त्या ठरावीक दिवशीच. ते पाहायचंच असेल तर दिवस आधी विचारून ठरवा. बाहेरून पाहायला कधीही हरकत नाही.

चित्रांबद्दल थोडक्यात, कारण त्यांच्यावर बरंच लिहिलं गेलं आहे. मागच्या भिंतीवर दोन वर्तुळं असलेलं रेम्ब्रांटचं उतारवयातलं स्वतःचं चित्र आणि व्हर्मीरची गिटार वाजवणारी मुलगी, ही दोन चुकवू नका. व्हर्मीरचं चित्र फेब्रुवारी १९७४ मध्ये इथून चोरीला गेलं आणि मे महिन्यात शहरातल्या सेंट बार्थोलोम्यू द ग्रेट या चर्चच्या आवारात सापडलं. गेन्सबरोने काढलेली गुलाबी पोशाखातली काउंटेस हाऊ तिसरी. खोल्यांमध्ये दिवसाचा उजेड जपून ठेवलेला आहे, ढगाळ दिवशी काही चित्रं काळसर वाटतात. डोळे सरावेपर्यंत दोन मिनिटं थांबा.

ही चित्रं मॅन्सफिल्डांची नव्हेत आणि इथेच खासगी इस्टेट सार्वजनिक कशी झाली ते येतं. सहाव्या अर्लला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इस्टेट बांधकामासाठी विकायची होती. युद्धामुळे ते लांबलं. शेजारी हायगेटला राहणाऱ्या सर आर्थर क्रॉसफिल्ड यांच्या पुढाकाराने जमीन वाचवायची मोहीम सुरू झाली, पण पैसे एकदम जमले नाहीत. त्यामुळे केनवुड तुकड्या-तुकड्यांनी लोकांचं झालं. १९२२ मध्ये दक्षिणेचे सुमारे १०० एकर घेतले गेले, नंतर तळ्यांचा ३२ एकरांच्या आसपासचा भाग, आणि १८ जुलै १९२५ ला राजे पाचवे जॉर्ज यांच्या हस्ते ती जमीन खुली झाली. घर आणि उरलेले ७४ एकर मात्र अजून खासगीच होते. घरातलं सामान १९२२ च्या लिलावात आधीच विकलं गेलं होतं. १९२५ मध्ये गिनेस मद्यकंपनीच्या घराण्यातले एडवर्ड सेसिल गिनेस, पहिले अर्ल ऑफ आयव्हा, यांनी ते घर घेतलं, स्वतःचा चित्रसंग्रह त्यात ठेवायचं ठरवलं आणि १९२७ मध्ये वारले. जाताना घर, जमीन आणि चित्रं लोकांना देऊन गेले. १९२८ मध्ये दारं उघडली. म्हणून घरात फिरताना फर्निचर आणि चित्रं थोडी परक्या घरात आल्यासारखी वाटतात. ती परक्या घरात आलेलीच आहेत. अ‍ॅडमचं मूळ फर्निचर जिथे मिळेल तिथून परत आणण्याचं काम त्यानंतर हळूहळू चालत राहिलं.

हा तुकड्यांचा इतिहास जमिनीवरही दिसतो. आधी विकला गेलेला दक्षिणेकडचा भाग लवकरच हीथसारखा राठ, उंच गवताचा झाला. घराभोवतीचे ७४ एकर अजून बागेसारखे राखले जातात. उतरताना गवताची उंची बदलते तिथे थांबून पाहा.

पूर्वेला, हायगेटकडे जाणाऱ्या वाटेवर एक छोटा देखाव्याचा मंडप आहे, तो चुकवू नका. इथून सुमारे आठ किलोमीटरवरचा सेंट पॉल्स कॅथीड्रलचा घुमट दिसतो, आणि हे दिसणं नशिबावर सोडलेलं नाही. लंडनच्या नगररचनेत जे ठरावीक देखावे राखलेले आहेत त्यांत या मंडपातून दिसणारा हा देखावा आहे. या रेषेत घुमट झाकेल अशी इमारत बांधायला परवानगी मिळत नाही. सकाळी सूर्य समोरच्या बाजूला असल्याने शहर धुरकट, काळं दिसतं. दुपारी तीननंतर या. उजेड उजवीकडून येतो आणि घुमट इतर इमारतींपासून सुटा होतो. घरासमोरच्या पट्ट्यावरून पूर्वी असाच लांबचा देखावा होता. अ‍ॅडमने स्वतः तिथून शहर, ग्रिनिच आणि थेम्सवरची जहाजं दिसतात असं कौतुकाने लिहून ठेवलं आहे. आज तळ्यापलीकडचं रान वाढल्याने तो झाकला गेला आहे.

ते रान कापावं का, हा केनवुडमधला खरा वादाचा प्रश्न आहे. बागेचा इतिहास म्हणतो देखावा मोकळा करा. पण केनवुडची राई हीथवरच्या जुन्या ओक-बीच रानाचा भाग आहे आणि तिला विशेष संरक्षण आहे. आडवी पडलेली, पोकळ झालेली झाडं तिथे मुद्दाम तशीच ठेवतात, कारण कुजक्या लाकडात वाढणाऱ्या दुर्मीळ भुंग्यांना दुसरी जागा नाही. म्हणून ते लाकूड कुणी उचललं नाही म्हणजे आळस आहे असं समजू नका. मला विचाराल तर रान राहू द्यावं. शहर पाहायला मंडप आहे. उलट ऱ्होडोडेंड्रॉन जिथे पसरलं आहे तिथे छाटणी जास्त हवी. ते फुलतं दोन-तीन आठवडे, बाकी वर्षभर त्याच्या गडद सावलीखाली दुसरं काही उगवत नाही.

हिरवळीच्या भागात हेन्री मूरचं दोन तुकड्यांचं आडवं ब्राँझ शिल्प आहे आणि घराजवळ बार्बरा हेपवर्थचा भोकं पाडलेला उंच दगड. मूरच्या शिल्पाला एक पूर्ण फेरी मारा, एका कोनातून ते दोन तुकडे जुळून एक बाई दिसते. तळ्याकाठी १९५१ पासून उन्हाळी मैफली व्हायच्या, वाद्यवृंद पाण्यापलीकडे आणि लोक उतारावर. उताराने प्रेक्षागृह फुकट दिलं होतं, पण आवाज शेजारच्या घरांपर्यंत जायचा आणि तक्रारींवरून त्या काही काळ बंदही पडल्या.

खाण्यापिण्याची सोय घराच्या पूर्वेला, जुन्या नोकरवर्गाच्या इमारतीत आहे. रविवारी दुपारी बारा ते तीन रांग लांब असते. अकराच्या आत या, नाहीतर सरळ डबा आणून उतारावर बसा. सायकल चालवायला बंदी आहे, कुत्र्यांना काही भागांत पट्ट्यात ठेवावं लागतं. केनवुडच्या दोन तळ्यांत पोहायचं नाही.

ज्यांना पोहायचंच आहे त्यांच्यासाठी परतीची वाट आहे, आणि न पोहणाऱ्यांनीही तीच घ्यावी. खोट्या पुलाच्या मागून पाण्याच्या बाजूबाजूने खाली चालत राहा. स्टॉक पाँड, मग बायकांचं पोहण्याचं तळं, मग पक्ष्यांसाठी राखलेलं, मग खेळण्यातल्या होड्यांचं, मग पुरुषांचं. पोहण्याची तळी वर्षभर उघडी असतात, शुल्क आहे, पाणी ऑगस्टमध्येही गारच. दूधघरापासून गॉस्पेल ओक स्टेशनपर्यंत ही वाट अडीचेक किलोमीटरची, रमत गेलात तर पाऊण तास. शेवटच्या तळ्यानंतर पाणी दिसेनासं होतं. तिथून फ्लीट नदी जमिनीखालच्या गटारातून केंटिश टाउन, किंग्ज क्रॉस करत ब्लॅकफ्रायर्स पुलाशी थेम्सला मिळते, आणि तुम्हाला पन्नास पावलांवर नाही पण पाच मिनिटांवर ट्रेन मिळते.